घरची ओळ

भागक्काच्या घरात कुठलीच वस्तू हाताशी नसायची. पान खायचं म्हटलं तर पान पडवीत ओल्या फडक्यात, चुना चुलीजवळच्या कोनाड्यात, सुपारी गोठ्याच्या दाराला टांगलेल्या पिशवीत आणि अडकित्ता माजघराच्या तुळईवर, टाचा उचलल्याशिवाय हात पोचणार नाही असा. एक विडा जमेपर्यंत तिची घराला प्रदक्षिणा होई. पाहुण्यालाही तोच न्याय. "सुपारी गोठ्यात हाय, जाऊन घेऊन या. म्हशीला भिऊ नका, ती तुमच्यापरीस शानी हाय," असं ती सांगे आणि पाहुणा उठेपर्यंत दुसरं काही बोलत नसे.

तिचा धंदा घरबसल्याचा होता. ती इरली विणायची. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये वाळवलेली रुंद पानं, आणि कडा दोरीनं घट्ट बांधलेल्या. रोपणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून कंबरेपर्यंत पाऊस अडवणारं ते कवच. बाजारकुणंगपासून कुंभारवाड्यापर्यंत बऱ्याच बायकांच्या पाठीवर भागक्काचंच इरलं असे. पावसाळा सोडला तर वर्षभर ती तेच करी, आणि ते काम बसून करायचं असतं. मीही ते बसूनच शिकले. भागक्का मात्र इरलं जमिनीवर ठेवून, पाय फाकवून, कंबरेतून वाकून विणायची, आणि वीण पुढं जाईल तशी इरल्याभोवती मागं मागं सरकायची.

"बसून इनलं तर वीण सैल पडती," असं ती गिऱ्हाइकांना सांगे. ते खरं नव्हतं. माझी वीण सैल नव्हती, आणि तिलाही ते माहीत होतं.

आमच्याकडची माणसं दिवसभर रानात चालणारी. लाकडाची कामं, मध, शिकेकाई, गुरं. घरी काम मिळालेली बाई सुखाची, असं सगळ्यांना वाटे, आणि सुख मिळालं असताना घरभर फिरणारी बाई म्हणजे थट्टेचा विषय. लाकडाच्या गाड्या हाकणारा एक गाडीवान तिला म्हणाला, "अक्का, येवढं घरात फिरतीस, त्यापरीस क्यासलराकच्या ठेसनापतोर चालत जाऊन ये की."

"तिकडं माझी सुपारी न्हाई," भागक्का म्हणाली.

रानाच्या एका राखणदारानं इरल्याच्या बदल्यात तिला फणसाच्या लाकडाचा बैठा पाट करून दिला. म्हणाला, म्हातारपणी बसून काम करा. तिनं पाट कौतुकानं घेतला आणि त्यावर उभी राहून अडकित्ता आणखी वरच्या खुंटीला अडकवला. "हात पुरला की पाय मेला," हे तिचं बोलणं. लोकांना ते विक्षिप्तपणाचं वाटे. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहत होते, आणि ते बोलणं कुठून आलं ते मी पाहिलेलं होतं.

मी लग्न होऊन त्या वाडीत आले त्याच वर्षी, ज्येष्ठाच्या शेवटी, तिचा नवरा सुबराव तापानं गेला. थंडी वाजून येणारा तो ताप आमच्या भागात घरोघरी असे. बहुतेकांना तो सोडून देई, सुबरावांना त्यानं सोडलं नाही. मूलबाळ नव्हतं. भागक्का तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल, उंच, हाडापेरानं मोठी, आणि बोलायला तेव्हाही अशीच.

आमची घरं खानापूरकडून आलेली. येताना भांडीकुंडी आणली तशा रीतीही आणल्या. त्यातली एक कोपऱ्याची. नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर आतल्या खोलीत बसायचं. पहाटे परड्यात जाऊन यायचं तेवढंच, बाकी उंबरा ओलांडायचा नाही, उजेडात कुणाला दिसायचं नाही. आसपासच्या कुणब्यांत हे नव्हतं. आमच्या शेतावर येणारी देवकी कुणबीण उघड हसायची. "आमच्यांत दिवस झाले की बाई शेतात जाती. घोव गेला म्हणून भात थांबतंय व्हय?" माझ्या सासूबाई तिला गप्प करत. पण भात थांबत नाही हे सासूबाईंनाही कळत होतं, आणि खरी अडचण तिथंच होती.

सुबराव आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळाप्पा आधीच वेगळे झाले होते. घर एकच, चुली दोन, शेतं वाटलेली. बाळाप्पाच्या वाटणीला वरची जमीन आली, तिथं रानडुकरं उतरत. सुबरावांच्या वाटणीला ओढ्याकाठचं लांब खाचर आलं. सगळ्या वाडीत तसं खाचर दुसरं नव्हतं.

शेत कुणाचं, हे आमच्या वाडीत कागदावरून फारसं कुणी ठरवत नसे, ते घरच्या ओळीवरून ठरे. रोपणीच्या पहिल्या दिवशी घरच्या बाईनं एकटीनं खाचरात उतरायचं आणि वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत पहिली ओळ लावायची. रोपणी मागं सरकत करतात, त्यामुळं ओळ संपायची खूण म्हणजे बाईची पाठ खालच्या बांधाला टेकणं. तोवर बाकीच्या बायका बांधावर उभ्या. मध्ये बसायचं नाही, बाहेर पडायचं नाही. ओळ अर्धवट राहिली तर जवळच्या नात्यातली बाई खाली उतरून तिच्या हातातली रोपांची मूठ घेते आणि ओळ पुरी करते. मग शेत तिच्या घरचं. म्हणायला त्या वर्षापुरतं, पण गेलेलं शेत परत आल्याचं मी पाहिलं नाही.

सुबराव गेले त्या वर्षी भागक्का सुतकात होती. पाटलांनी चार माणसं बसवून सांगितलं, "औंदा बाळाप्पाची नागूबाई लावू दे. फुडच्या रोपणीपतोर वरीस सरतंय. तवा भागीरथीनं घरची ओळ लावली तर खाचर तिचं. न लावली तर बाळाप्पाचं."

सगळ्यांना हे न्यायाचं वाटलं. सगळ्यांत आधी मान हलवली ती बाळाप्पानं.

त्यानं मान का हलवली ते मला सासूबाईंनी सांगितलं. बाळाप्पाची एक आत्या अशीच वर्षभर कोपऱ्यात बसली होती. धडधाकट बाई, पण वर्ष सरलं तेव्हा तिच्या पायांत काही उरलं नव्हतं. पडवीच्या पायऱ्या तिला चढता येईनात. पुढं जगली तितके दिवस ती बुडाखाली पाट घेऊन सरकत दारापर्यंत येई. तिच्या पायांना तेल चोळायचं काम नव्या सुनेकडं होतं, आणि ती सून म्हणजे भागक्का. म्हणजे वर्षभरात काय होणार हे दिराला माहीत होतं आणि भावजयीलाही.

बाळाप्पा वाईट माणूस नव्हता. त्याला तीन पोरं होती आणि वरच्या जमिनीतलं निम्मं भात डुकरं खात. वहिनीला उपाशी ठेवायचं त्याच्या मनात कधी आलं नसतं. ते खाचर त्याला हवं होतं, एवढंच, आणि त्यासाठी वर्षभर काहीही न करणं पुरेसं होतं.

काम घरात आलं ते नागूबाईमुळं. ही बाळाप्पाची बायको, बुटकी, कामसू, तोंडानं फटकळ. पहिल्याच महिन्यात तिनं कामट्यांचा भारा आतल्या खोलीत आणून टाकला. "बसल्या बसल्या इरली तरी इन, अक्का. खुळ्यावानी भिंतीकडं बघत बसण्यापरीस बरं." तिच्या मनात वाईट काही होतं असं मला वाटत नाही.

सकाळी सवाष्णीनं कोपऱ्यातल्या बाईचं तोंड पाहू नये म्हणत, म्हणून मी दुपारी जायची. खोलीत कौलातल्या एका काचेतून काय येईल तेवढा उजेड. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, रडत असेल. ती कंबरेतून वाकून इरल्याभोवती मागं सरकत होती. कामट्या एका भिंतीशी, पानं समोरच्या भिंतीशी, सुंभ तिसऱ्या कोपऱ्यात आणि कोयती वर तुळईत खोचलेली. एक कामटी आणायची, वाकायचं, बांधायचं, पान आणायला जायचं.

"सगळं जवळ घेऊन बस की," मी म्हणाले.

"बसल्या माणसाला भिंत गिळती," ती म्हणाली. "ती पानं दे. न्हाई, ऱ्हाऊ दे, माझी मीच घेते."

हे फार दिवस चाललं नाही. पलीकडं माजघरात जेवणाऱ्या बाळाप्पाला पावलं ऐकू येत. वर्षभर बसायची ती बाई चालतेय, हे त्याला खटकणारच. त्यानं सासूबाईंना बोलावलं. आमच्या सगळ्या घरांत त्या वडील, रीतीभातीचं त्यांना विचारत. मी त्यांच्या मागं उभी होते.

सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "भागे, कोपरा म्हंजे कोपरा. फिरायचं असतं तर त्याला अंगण म्हटलं असतं."

"आत्ती, कामट्या तिकडं, पानं हिकडं. उडत येत न्हाईत."

"मग एका जागी ठेव."

"एका जागी ठेवली तर पानास्नी कीड लागती."

सासूबाई थोडा वेळ तिच्या पायांकडं पाहत राहिल्या. इरली त्यांनीही विणली होती, पानांना कीड कशानं लागते ते त्यांना कळत होतं. "मग काय करणार," असं बाळाप्पाकडं वळून म्हणाल्या आणि घरी आल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तू काही ऐकलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी नागूबाईनं मदत म्हणून खोली आवरली. कामट्या, पानं, सुंभ, कोयती सगळं एका चटईभोवती मांडलं. मधोमध गोधडीची घडी टाकली. "आता उठायचं कामच न्हाई," ती म्हणाली. भागक्कानं तिला पोरांची चौकशी विचारली, गोधडी मऊ आहे म्हणाली, आणि ती गेल्यावर माझ्याकडं पाहून म्हणाली, "हिनं मला जित्तं पुरायचं मनावर घेतलंय, आणि वर गोधडी."

पुढं काही दिवस ती खरंच बसली. मग तिनं उंदरांची तक्रार सुरू केली. भिंतीत बिळं झालीत, लिंपायला माती पाहिजे. माती आली. ती तुडवायला गडी लागतो. गडी कोपऱ्यातल्या बाईच्या खोलीत येणार कसा? म्हणून तीच तुडवू लागली. खोलीच्या एका बाजूला माती, भुसा आणि पाणी, आणि त्यात ही लुगड्याचा काचा मारून उभी. लिंपण झालं की दुसऱ्या भिंतीत बीळ सापडे. चिखलातल्या पावलांचा आवाज माजघरात जात नाही, हे तिनं पाहून ठेवलं होतं. वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा खोली चारी बाजूंनी बोटभर तरी लहान झाली असेल.

"भिंत कितीक जाड करनार हायस?" नागूबाईनं विचारलं.

"तुमचं घर मजबूत करायलेय गं," भागक्का म्हणाली. "मी काय उद्या असंन, न्हाई तर नसंन."

नागूबाईला हे पटलं. मातीच्या टोपल्या तीच आणून देऊ लागली.

मला वाटलं होतं, आता हे निभावतं. चैत्रात भागक्काला ताप आला.

तोच ताप, नवऱ्याला नेलेला. दुपारी थंडी, मग अंग भाजणारं, मग घाम, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. बाळाप्पा स्वतः सुप्याला जाऊन कडू पुडी घेऊन आला. नागूबाईनं पेज भरवली, चादरी धुतल्या, रात्री उशाशी बसली. दोघांच्या करण्यात खोट नव्हती. ताप उतरला त्या दिवशी मी तिथं होते. बाळाप्पा उंबऱ्याबाहेर उभा राहून, तिच्याकडं न पाहता म्हणाला, "वैनी, आता पडून ऱ्हावा. कशाचा घोर करू नगासा. मी हाय नव्हं?"

ते तो मनापासून म्हणत होता. वर्षभरात तिला कुणी बोललेल्या शब्दांत मला सगळ्यांत भीती वाटली ती याच शब्दांची. भागक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिनं पाय उघडे टाकले होते. पोटऱ्या गेल्या होत्या. नुसतं हाड आणि त्यावर सैल कातडं.

दोन दिवसांनी तिनं मला हाक मारली. "सरू, तुळईला दोर बांध."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मरायला न्हाई गं. उठायला."

मी गुरांचा जाड दोर आणून बांधला. ती दोन्ही हातांनी दोर धरून उठली आणि गुडघ्यांत मोडून खाली आली. पुन्हा धरला, पुन्हा खाली आली. कपाळावर घाम. मी म्हणाले, "जाऊ दे अक्का. रोपणी दोन महिन्यांवर आलीय. कुणी काही उपाशी ठेवत नाही तुला."

"दोन म्हैन्यांत काय करू ते सांग," ती म्हणाली. "जाऊ दे म्हणू नको. ती आत्या दारात बसायची ते तू बघितलं न्हाईस. तिला पेज द्यायचे, तेल लावायचे, सगळं करायचे. तिला कुणी काय इचारत नव्हतं, तेवढंच."

मी दोर थोडा आखूड करून दिला, कारण तो लांब होता आणि तिला जास्त वाकावं लागत होतं. त्यानंतर दुपारी मी पलीकडं गेले की आधी माजघरात नागूबाईशी मोठ्यानं बोलत बसे. तेवढ्या वेळात आत दोर कुरकुरे. दोराचे वळ तिच्या तळहातांना शेवटपर्यंत होते.

वैशाखात ती दोराशिवाय उभी राहिली. ज्येष्ठ लागला तेव्हा पुन्हा वाकून विणू लागली, पण थांबत थांबत. मातीत उतरली ती एकदाच, आणि थोड्या वेळानं मला हाक मारून बाहेर काढायला लावलं. म्हणजे आम्हा दोघींनाही माहीत होतं की ती तयार नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि ती उजेडात आली. डोळ्यांवर हात धरून पडवीत उभी राहिली. भेटायला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडं पाहत नव्हत्या. सगळ्या पायांकडं पाहत होत्या. नागूबाई तिच्याशेजारी उभी होती, पडली तर धरायला. भागक्का पायऱ्या उतरली, तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. येताना मध्ये थांबली. तुळशीच्या कट्ट्यावरचं पान उचलायचं निमित्त केलं, पण थांबली. बाळाप्पानं ते पाहिलं.

रोपणीचा दिवस त्यानं ठरवला. वरच्या बांधाच्या कुठल्या टोकापासून सुरुवात करायची हेही, घरात पुरुष तोच असल्यामुळं, त्यानंच सांगितलं. ओढ्याकडच्या टोकापासून. तिथून ओळ सगळ्यांत लांब पडते आणि चिखल सगळ्यांत खोल. पाटील म्हणाले, "अरे, हिकडनं घे की," तर तो म्हणाला, "सुबरावदादा तिकडनंच सुरवात करायचा." ते खरं होतं.

पाऊस एकसारखा पडत होता. बांधावर आम्ही सगळ्या इरली घेऊन उभ्या. पुष्कळशी इरली भागक्कानं त्याच खोलीत विणलेली. ती खाचराच्या पाया पडून उतरली, देवकीनं रोपांची जुडी फेकली, तिनं ती झेलून मूठ सोडवली आणि वाकली.

पहिला भाग तिनं असा लावला की बांधावरच्या बायका बोलायला लागल्या. हात चालायला लागले होते, आणि मागं सरकायची सवय तिच्या अंगात होती. ती मान वर करत नव्हती. ओळीच्या कडेच्या बांधावर नागूबाई उभी होती, जशी रीत होती तशी, लुगडं वर खोचून. जसजशी भागक्का मागं येई तसतशी नागूबाई बांधावरून तिच्या बरोबरीनं सरकत जाई, दोघींत हातभराचंच अंतर ठेवून.

निम्म्यावर भागक्काचे हात मंदावले. मग ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. रीतीत तेवढं चालतं. मग पुन्हा वाकली, रोपं लावली, पाय मागं घ्यायला गेली आणि पाय आला नाही.

तिथला चिखल गुडघ्याच्या वर होता. तिनं पाय ओढला, अंग एका बाजूला झुकलं, हातातली मूठ पाण्याला टेकली. बाळाप्पा नांगराशी उभा होता, तो बैलांच्या पाठीवरून बघत होता. कुणी काही म्हणायच्या आत नागूबाईनं एक पाय खाली टाकला. घोट्यापर्यंत तिचा पाय चिखलात गेला आणि तिनं हात पुढं केला. मूठ घ्यायला.

"नागू," भागक्का म्हणाली. मान तिनं वर केली नव्हती. "पाय काढ. माझं झालं न्हाई अजून."

"अक्का, पडशील गं."

"पडले की ये. आत्ता पाय काढ."

नागूबाईनं पाटलांकडं पाहिलं. पाटील म्हणाले, "काढ."

भागक्कानं पाय ओढायचा सोडून दिला. ती त्याच पायावर हलके हलके भार टाकत होती, सोडत होती, टाच इकडं तिकडं फिरवत होती. बांधावरच्या कुणाला कळलं नाही ती काय करतेय. मला कळलं, कारण माती तुडवताना तिला तसंच करताना पाहिलं होतं. टाचेखाली पाणी शिरलं, चिखलानं आवाज केला आणि पाय सुटला. ती एक पाऊल मागं आली. दोन रोपं लावली. मग दुसऱ्या पायाचं तसंच. अशी ती उरलेली सगळी ओळ आली. तिला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. बैल उभ्याउभ्या रवंथ करू लागले. एक म्हातारी कंटाळून बांधावर बसली. ओळ शेवटी शेवटी वाकडी झाली, रोपं कुठं दाट कुठं विरळ, आणि कापणीपर्यंत ती तशीच दिसत राहिली.

तिची पाठ खालच्या बांधाला टेकली तेव्हा नागूबाई त्या बांधावर अगदी तिच्या मागं येऊन उभी होती. भागक्का वळली नाही. बांधाला तशीच टेकून राहिली, आणि हातात उरलेली मूठ खांद्यावरून मागं धरली.

"हं, धर," ती म्हणाली. "आता उतर. दुसरी ओळ तू लाव. नीट लाव, माझ्यागत वाकडी नको."

नागूबाईनं मूठ घेतली. आम्ही सगळ्या उतरलो. भागक्का दुपारपर्यंत बांधाला टेकून उभी होती आणि आम्हाला सूचना देत होती. बायकांना वाटलं, मालकीण झाली तशी लगेच मिजास आली. तिला तिथून हलता येत नव्हतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर देवकीनं आणि मी तिला उचलून वर घेतलं. पुढं चार दिवस ती उठली नाही, आणि त्या चार दिवसांत नागूबाईनंच पेज आणून दिली.

बाळाप्पा त्या संध्याकाळी पाटलांना एवढंच म्हणाला, "बरं. फुडच्या वर्षी बघू."

ही धमकी नव्हती. रीतच तशी होती. घरची ओळ एकदा लावून भागत नाही, ती दर वर्षी लावावी लागते. दर आषाढात भागक्का उतरणार आणि दर आषाढात नागूबाई लुगडं खोचून बांधावर उभी राहणार. मधले महिने भागक्का घरात इरली विणणार, कारण पोट त्यावर. घरात काम करून पाय शाबूत ठेवायचे तर काय करायचं, याचा विचार तिला उरलेलं सगळं आयुष्य करावा लागला. लोक हसत ते त्या अडकित्त्याला आणि गोठ्यातल्या सुपारीला. नागूबाई हसत नसे. ती हे सगळं बघायची आणि कधी कधी, भागक्का नसताना, पानं उचलून कामट्यांजवळ ठेवून द्यायची. भागक्का ती पुन्हा लांब नेऊन ठेवायची. त्यावरून दोघींत कधी एक शब्द झाला नाही. बाकी सगळ्यावरून भांडत, पोरांवरून, कोंबड्यांवरून, पाण्यावरून. बाळाप्पाची थोरली पोर बाळंतपणाला आली तेव्हा तिच्याजवळ रात्रभर भागक्का होती. नागूबाईला वातानं धरलं तेव्हा तिच्या कंबरेला तेल भागक्कानं लावलं, आणि लावता लावता तिला उठवून अंगण चालायला लावलं. नागूबाई शिव्या देत चालली. आणि आषाढात पुन्हा बांधावर उभी राहिली.

माझ्या नवऱ्याला खानापूरला लाकडाच्या वखारीत काम मिळालं आणि आम्ही वाडी सोडली, तो नेमका रोपणीचाच दिवस निघाला. पुढं ढकलता येत नव्हता. ओढ्याला पाणी चढलं की गाडी जात नाही. भागक्काचा निरोप मी आदल्या दिवशी घेतला होता. ती म्हणाली, "तिकडं बसायला खुर्च्या असतील. संभाळ." केस तेव्हा पुरते पांढरे झाले होते, आणि त्या वर्षी तापानं तिला पुन्हा धरून सोडलं होतं.

गाडीवाट खाचराच्या कडेनं जाते. आम्ही पोचलो तेव्हा ती निम्म्यावर होती. बायका पलीकडच्या बांधावर. मी गाडी थांबवायला सांगितली. ती वाकलेलीच होती, इरल्याखाली तोंड दिसत नव्हतं, फक्त हात आणि खाचराच्या गढूळ पाण्यातले पाय. ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकले. बराच वेळ तशीच राहिली. नागूबाई खालच्या बांधावर बसली होती. उभं राहायचं तिच्यानं होत नव्हतं, पण लुगडं खोचलेलं होतं.

भागक्काला घुंगरांचा आवाज बंद झालेला कळला असावा. मान वर न करता ती ओरडून म्हणाली, "गाडी कुनाची थांबलीय? बैल भिजत्यात. हाका."

गाडीवानानं हाकली. वाट पुढं चढून रानात वळते. वळणावर मी मागं पाहिलं. भागक्का पुन्हा वाकली होती आणि मागं सरकत होती. तिची पाठ बांधापासून अजून बरीच लांब होती. नागूबाई हात टेकून उठली होती. खोचलेलं लुगडं तिनं सोडलं, झटकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुठीची वाट न बघता ती घराकडं चालायला लागली.